आडवं नको, उभं हवं

खर्जताईनं बास गिटार उभी केली आणि मास्तरांच्या हातातली काठी खाली पडली. मास्तर म्हणजे नाटकगृहाच्या वाद्यमेळाचे प्रमुख, आयुष्यभर हवेत हात हलवून पोट भरलेला माणूस. त्यांच्या हातून काठी सुटणं म्हणजे आचाऱ्याच्या हातून झारा सुटण्यासारखंच. बासरीवाला फुंकायचं विसरला. ड्रमवाल्याचं तोंड एरवीही फारसं मिटलेलं नसे, पण त्या सकाळी ते उघडलं ते बराच वेळ तसंच राहिलं.

रंगमंचापुढे जमिनीत जो खळगा असतो आणि ज्यात वादक बसतात, त्याला ही मंडळी सरळ खड्डा म्हणत. कुठे निघालात विचारलं की म्हणत, खड्ड्यात. हा विनोद पहिल्या वर्षी सगळ्यांना आवडला होता, पुढे तो एकट्या ड्रमवाल्याला आवडत राहिला. या खड्ड्यात खर्जताई चौदा वर्षं बास गिटार वाजवत होती. चार जाड तारांचं ते वजनदार धूड पट्ट्यानं खांद्याला अडकवायचं आणि पोटावर आडवं धरायचं, अशीच ती वाजवतात. तिच्या बोटांतून आणि गळ्यातूनही निघे तो खालचाच सूर, म्हणून तिचं नाव खर्जताई पडलं होतं. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच निघायचं.

आणि आज तिच्या पुढ्यात एक लोखंडी खांब होता. खांबावर बास गिटार सरळ उभी, तिची मान खर्जताईच्या डाव्या कानापाशी, बूड खांबाच्या बशीत, आणि मागे उंच स्टुलावर खर्जताई, कुणा उंच पाहुण्याला मिठी मारून बसल्यासारखी.

मास्तरांनी काठी उचलली आणि हे काय म्हणून विचारलं. खर्जताई म्हणाली, खांदा धरलाय.

खांदा बिचारा ठणठणीत होता. खर्जताईला दिवस गेले होते.

बायका बेचाळिसाव्या वर्षी चष्म्याचा नंबर वाढवून घेतात, हिनं घरातली माणसं वाढवायला घेतली. ती गेली होती डॉक्टरीणबाईंकडे पित्ताची तक्रार घेऊन. सकाळी मळमळतं, काही खावंसं वाटत नाही, वय झालं आता, असं सगळं निदान तिनं स्वतःच करून ठेवलं होतं; फक्त गोळ्या लिहून घ्यायच्या बाकी होत्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडे वळवला आणि तिसरा महिना म्हणून सांगितलं. नवरा शेजारी बसला होता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा, लोकांना नीट दिसावं म्हणून जन्मभर धडपडणारा माणूस. पण त्याला त्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि पित्तच आहे ना, असं विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या. ही दोघं हसली नाहीत.

कारण याआधी दोनदा असंच झालं होतं. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं पाचव्यात. दुसऱ्या वेळी हालचाल कधी थांबली हे खर्जताईला कळलंसुद्धा नव्हतं. नव्या नाटकाच्या तालमी जोरात होत्या, ती गिटार पोटावर घेऊन वाजवत होती, आणि मधल्या कुठल्यातरी दिवशी आतलं सगळं शांत झालं होतं. ते तिनं स्वतःला कधीच माफ केलं नाही. डॉक्टरीणबाईंनी लाख वेळा सांगितलं की तुझ्या वाजवण्याचा काही संबंध नाही. ती मान डोलवायची. मान डोलवायला काय लागतं.

दोन्ही वेळा दवाखान्यातून निघताना नवऱ्याला एकच वाक्य सुचलं होतं. चल, आपण घरी जाऊ.

आणि दोन्ही वेळा सगळ्यांना आधीच सांगून झालेलं होतं. सांगणं सोपं असतं, परत घेणं जिवावर येतं. महिनाभर बाहेर गेलेला दूधवाला परत आल्यावर आनंदानं विचारतो, आणि त्याला दारात उभं राहून सांगावं लागतं की नाही, तसं काही नाही आता. म्हणून या वेळी दोघांनी ठरवलं, सातवा लागेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. आईला नाही, नणंदेला नाही, खड्ड्यात तर मुळीच नाही. तिथे ड्रमवाल्याला सांगणं आणि वर्तमानपत्रात देणं यात फरक फक्त छपाईचा होता.

पण पोट काही ऐकून घेत नाही. सैल कुडते आले, त्यावर ओढणी आली, आणि तरी पाचव्या महिन्यात गिटार आडवी घेतली की ती पोटावरून पुढे डोकवायची आणि तारा हाताला लागायच्या नाहीत. शिवाय मागच्या वेळची आठवण. ते धूड पुन्हा पोटावर दाबून धरायचं या कल्पनेनंच तिच्या अंगावर काटा यायचा. वाजवणं सोडावं, तर घरी बसून करणार काय? पोटाकडे कान लावून बसणार, आणि वेड लागणार. वाजवताना तेवढा वेळ ती माणसात असायची.

मग खोलीचं दार लावून नवरा-बायकोनं गिटार उभी करायचे प्रयोग सुरू केले. पट्टा लांब करून पाहिला, तर गिटार गुडघ्यांपाशी लोंबकळायला लागली. डाव्या मांडीवर टेकवून मान वर केली, ती हळूहळू घसरत जमिनीवर जाऊन बसली. दोन गुडघ्यांत धरली, खाली रबरी चप्पल ठेवली. ते जमलं, पण एक गाणं होईतो गुडघे थरथरायला लागले. एकदा वरच्या खुंटीत पट्टा घालून ती कपाटाच्या कडीला टांगली, आणि फार सुंदर वाजली. पण रोज कपाट घेऊन नाटकगृहात जाता येईना. शेवटी नवऱ्यानं दुकानातल्या डोळे तपासायच्या जुन्या खुर्चीचा खांब आणला. त्याला चाक होतं, ते फिरवलं की उंची कमीजास्त व्हायची. गिटारच्या बुडाला पट्टा अडकवायची खुंटी असते, ती त्यानं काढली आणि त्याच भोकात खांबाचा लांब स्क्रू बसवला. चष्म्याच्या दांडीचे मोहरीएवढे स्क्रू बसवणारा माणूस, एवढा मोठा स्क्रू हातात आल्यावर त्याला भरूनच आलं.

उभ्या गिटारीत आणखी एक फायदा होता, तो दोघांपैकी कुणीही बोलून दाखवला नाही. गिटारच्या रुंद पाठीआड पोट झाकलं जायचं. पोटाला नुसती टेकायची ती, दाब पडायचा नाही.

तर खांदा धरलाय, असं खर्जताई म्हणाली. मास्तरांना ते काही पटलं नाही. खड्ड्यात आधीच जागा नाही, हा खांब पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे येणार, आणि आम्ही काय सर्कस काढलीय का, असं बरंच बोलून त्यांनी गिटार आडवी करायचा हुकूम सोडला. आडवी घेतली की सगळं उघडं पडणार होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तो स्पीकरच्या खोक्यावर होता आणि दुसऱ्याचा फोन उचलणं हे ड्रमवाल्याचं आवडतं वाद्य होतं. पलीकडे नवरा. तो सकाळी सोनोग्राफीचा रिपोर्ट आणायला गेला होता आणि आनंदाच्या भरात कोण बोलतंय हे न विचारताच बोलत सुटला, सवयीनं बाळ हा शब्द तेवढा टाळून. ड्रमवाल्यानं सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणून फोन ठेवला आणि अख्ख्या खड्ड्याला निरोप दिला.

"घरून निरोप आहे. डॉक्टर म्हणाल्या, आडवं नको, उभं हवं. आत्ता आडवं आहे, पण घाबरू नका, होईल हळूहळू उभं."

मास्तरांनी काठी खाली घेऊन विचारलं,

"डॉक्टरांनी वाद्य कसं धरायचं ते सांगितलं?"

"स्पष्ट सांगितलंय," ड्रमवाला म्हणाला. "उभं."

डॉक्टरच्या शब्दापुढे मास्तरांचं काही चालत नसे. त्यांना स्वतःला रक्तदाब होता. त्यांनी कपाळाला हात लावला आणि तालीम सुरू केली. त्या दिवसापासून खर्जताई उभी गिटार वाजवू लागली, आणि लोकांना त्याची सवयही झाली. सुरुवातीला बोटं चुकायची, मानेवरचे सुरांचे पडदे दिसायचेच नाहीत. मग ती न बघता वाजवायला शिकली. जाड तार छेडली की तिचा घुमारा गिटारच्या लाकडातून थेट पोटात उतरायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की खालचे सूर आत सगळ्यात आधी पोचतात. तेव्हापासून सगळे जमायच्या आधी ती एकटीच जाड तार छेडायची, थांबायची, पुन्हा छेडायची. मग कधीतरी आत काहीतरी किंचित हललंसं वाटायचं. किंचितच. बाळाची वार पोटाच्या पुढच्या बाजूला होती. डॉक्टरीणबाईंच्या भाषेत, बाळ गादीआडून बुक्क्या मारत होतं, त्यामुळे त्या उशिरा आणि कमीच कळणार होत्या. आणि कळल्या तरी ते बाळ होतं की तारेचा घुमारा, हे तिला छातीठोक सांगता येत नसे.

सहावा महिना संपत आला. एका सकाळी खर्जताई जागी झाली आणि तिला जाणवलं, की आदल्या संध्याकाळपासून आत काहीच हललेलं नाही.

ती गार पाणी प्याली. काहीतरी खाल्लं. डाव्या कुशीवर पडून राहिली. नवरा पलंगाच्या कडेला बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि ती भिंतीकडे. आत सामसूम. डॉक्टरीणबाई दुसऱ्या दवाखान्यात शस्त्रक्रियेत होत्या. त्यांनी निरोप पाठवला, तासाभरात पोचते, तोवर तुम्हीही या, काही दुखलं-खुपलं तर मात्र थेट मोठ्या दवाखान्यात. नवरा म्हणाला, दुकानाच्या किल्ल्या देऊन आलोच. खर्जताई म्हणाली, मला नाटकगृहावर सोड, तिथूनच घेऊन जा. त्यानं हेल्मेट उचललं. घरात ती एकटी बसू शकणार नाही, हे त्याला न सांगता कळत होतं.

त्या सकाळी खड्ड्यात भलतीच कटकट चालू होती. बासच्या स्पीकरमधून घूं घूं असा बारीक आवाज येत होता. आवाजाची यंत्रणा सांभाळणारा आवाजवाला वरच्या मजल्यावरून खाली उतरला. हा माणूस फार कमी बोले, आणि बोलला तर कुणाचं काय चुकलं तेवढंच बोले. त्यानं सगळ्यांची वाद्यं बंद करायला लावली, बासचा आवाज पार शेवटपर्यंत वाढवला, आणि सगळ्यांना हात मांडीवर ठेवून गप्प बसायला सांगितलं. मग खर्जताईला म्हणाला, जाड तार एकदा छेडा आणि लगेच दाबून सोडून द्या.

तिनं तार छेडली. अख्खं रिकामं नाटकगृह हादरलं. तिनं हात ठेवून तार गप्प केली आणि हात काढून घेतला. सगळे कान टवकारून बसले.

ठक.

स्पीकरमधून आलं ते. दारावर कुणीतरी बोटानं वाजवल्यासारखं, आणि मागोमाग जाड तारेचा अगदी बारीक घुमारा. मास्तरांनी ड्रमवाल्याकडे बघितलं. ड्रमवाल्यानं दोन्ही हात वर केले. एकात चहाचा कप होता. आवाजवाल्यानं पुन्हा छेडायला सांगितलं. खर्जताईनं छेडली, दाबली, सोडली.

ठक. जरा थांबून, ठक.

आवाजवाल्याचा चेहरा उजळला; दोष सापडत आल्याची खूण होती ती. त्यानं वायर बदलली. ठक. दुसऱ्या खोक्यात वायर खुपसली. ठक. खांबाचा स्क्रू हलवून पाहिला, तो तसूभर हलेना. मग तो खर्जताईला म्हणाला, गिटार जरा अंगापासून लांब करा बघू. तिनं खांब पुढे कलता केला. सगळे थांबले. काही नाही. नुसती घूं घूं. पुन्हा टेकवा, तो म्हणाला. तिनं टेकवली.

ठक.

आवाजवाल्यानं हातातली वायर खाली ठेवली.

"गिटारमध्ये दोष नाही, ताई," तो म्हणाला. "जे काही सुटंय ते तुमच्याकडे आहे."

खर्जताईला बोटं जाणवेनात, स्टूल जाणवेना. मग पुढची ठक आली, आणि या वेळी ती स्पीकरमध्ये वाजायच्या क्षणीच तिला गादीआडून, डावीकडे खाली, स्पष्ट जाणवली. तारेचा घुमारा नव्हता तो. तार तर केव्हाची गप्प होती.

"सुटं नाही काही," ती म्हणाली. तिचा खर्ज पार फाटला होता. "बाळ आहे ते."

बासरीवाल्यानं बासरी उलटी धरली होती. आवाजवाला दोन पावलं मागे सरकला, जणू त्यानं न विचारता कुणाच्या तरी घराचं दार उघडलं होतं. मास्तर पायरीवर मटकन बसले. त्यांची मान सावकाश ड्रमवाल्याकडे वळली.

"म्हणजे ते आडवं," ते म्हणाले, "ते वाद्य नव्हतं."

ड्रमवाल्यानं चहाचा कप तोंडाला लावला आणि लावूनच ठेवला.

नेमक्या त्याच वेळी खड्ड्याच्या बाजूच्या दारातून खर्जताईचा नवरा आत आला, बगलेत हेल्मेट, चेहरा सकाळपासून उतरलेला. त्यानं पाहिलं, तर सगळी वाद्यं गप्प. मास्तर पायरीवर बसलेले. माणसं पुतळ्यांसारखी उभी, डोळे फाडून त्याच्या बायकोकडे बघत होती. आणि उभ्या गिटारीमागे त्याची बायको, दोन्ही गालांवरून पाणी वाहतंय, तोंड उघडं आणि त्यातून आवाज नाही. अशी शांतता त्यानं याआधी दोनदा पाहिली होती. हेल्मेट त्याच्या बगलेतून निसटलं आणि गडगडत ड्रमला जाऊन आपटलं.

तो तिच्याजवळ आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाला, "चल, आपण घरी जाऊ."

खर्जताईनं जोरजोरात मान हलवली, पण तिच्या गळ्यातून नुसती हवा येत होती. तिनं स्पीकरकडे बोट दाखवलं. त्याला कळेना. त्यानं मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनीही स्पीकरकडेच बोट दाखवलं. मग आवाजवाला वाकला, हातानं सगळ्यांना गप्प राहायची खूण केली, तसे सगळे गप्पच होते म्हणा, आणि त्यानं बासची कळ पुन्हा शेवटपर्यंत फिरवली.

खर्जताईनं जाड तार छेडली, दाबली, सोडली.

काहीच झालं नाही. नवरा उभा होता. ड्रमवाल्यानं डोळे मिटून घेतले होते. घूं घूं चालली होती आणि खर्जताईला वाटलं, आता नाहीच येणार, तिला भास झाला असणार, सगळ्यांनाच झाला असणार.

ठक.

नवरा दचकला. त्यानं आधी स्पीकरकडे पाहिलं, मग गिटारकडे, मग खाली वाकून खांबाकडे, आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"माझा स्क्रू ढिला पडला का गं?" त्यानं विचारलं.

खर्जताईनं त्याचा हात धरून ओढला, गिटारच्या मागून आत घेतला आणि डावीकडे खाली, पोटावर घट्ट दाबून ठेवला. दुसऱ्या हातानं तिनं पुन्हा जाड तार छेडली.